कुंपण जमिनीवर, नोंद कागदावर: मेमरीतल्या हद्दीची भानगड

भाच्याने गेल्या महिन्यात नवी पेठेतून लॅपटॉप आणला आणि संध्याकाळी थेट माझ्याकडे आला. "मामा, आठ जीबी रॅमचा म्हणून घेतला. आता सेटिंगमध्ये बघ, ५.९ जीबीच वापरता येईल म्हणतोय. दुकानात विचारलं तर म्हणाले, तेवढी कंपनीच ठेवून घेते. असं कुठं असतं का?"

असतं. दुकानदाराचं उत्तर थापेसारखं वाटतं खरं, पण माणूस बरोबर बोलला होता. त्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. पडद्यावर चित्र उमटवायला लागणारी मेमरी त्याच आठ जीबीतून बाजूला काढलेली असते, आणि हे काम विंडोज जागं व्हायच्या आधीच उरकलेलं असतं. विंडोजला फक्त सांगण्यात येतं की बाबा, एवढं तुझं आणि एवढं नाही.

भाच्याचं समाधान झालं, पण मला त्यातल्या 'सांगण्यात येतं' या शब्दांवर थोडं बोलायचं आहे. कोण सांगतं? कुठे लिहून देतं? आणि सांगायचं राहून गेलं तर काय होतं? दोन जीबी गेली की कुणालाही दिसतं. जेमतेम अर्धा एमबी जागा राखून ठेवली तर ती गेलेली कुणाच्या ध्यानातही येत नाही. पण तिच्यावर चुकून पाय पडला तर चालतं मशीन जागच्या जागी कोसळतं. २०२३ साली लिनक्सच्या, म्हणजे विंडोजसारख्याच पण मुक्त असलेल्या प्रणालीच्या, जगात नेमकं हेच घडलं. ती हकीकत मला फार आवडते, कारण तिच्यात मूर्खपणा कुणीच केलेला नाही.

आधी पात्रांची ओळख. रॅम म्हणजे ओळीने क्रमांक टाकलेल्या खणांची भलीमोठी मांडणी. प्रत्येक खणात एक बाइट. इतके खण एकेक करून सांभाळणं शक्य नाही, म्हणून ४,०९६ खणांचं एक पान धरतात. आठ जीबीत अशी २०,९७,१५२ पानं बसतात. या सगळ्या पानांचा हिशेब ठेवणारा कारभारी म्हणजे कर्नेल, म्हणजे विंडोज किंवा लिनक्सचा गाभा. कुठलं पान ब्राउझरला दिलं, कुठलं रिकामं आहे, कुठलं डिस्कवर पाठवलं, हे सगळं त्याच्या वहीत असतं.

पण बटण दाबल्यावर पहिला जागा होतो तो फर्मवेअर. जुनी माणसं त्याला सरसकट बायोस म्हणतात. रॅम चालू करणं, डिस्क शोधणं, कर्नेल उचलून मेमरीत ठेवणं आणि कारभार त्याच्या हाती देणं, ही त्याची कामं. बहुतेकांना वाटतं की त्यानंतर फर्मवेअर निघून जातो. तसं होत नाही. मशीन चालू आहे तोवर त्याचा एक तुकडा मेमरीत कायम बसून असतो, आणि त्याचे अधिकार कर्नेलपेक्षाही वरचे असतात. फोनमधल्या आर्म चिपमध्ये हेच, इंटेल-एएमडीच्या मशीनमध्येही हेच. नावं तेवढी वेगळी.

मी पुढचं सगळं रिस्क-फाइव्ह या चिप-घराण्याच्या भाषेत सांगणार आहे. एक कारण म्हणजे तिची नियमावली उघडी आहे, कुणीही वाचावी. बर्कलीच्या विद्यापीठात २०१० साली तिची सुरुवात झाली. आपल्याकडे आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे दोन्ही प्रोसेसर याच नियमावलीवर उभे आहेत. दुसरं कारण असं की हद्दीची भानगड इथे जितकी स्वच्छ दिसते तितकी दुसरीकडे दिसत नाही.

रिस्क-फाइव्हमध्ये अधिकाराचे तीन मजले आहेत. खालच्या मजल्यावर तुमची-माझी ॲप्स, मधल्या मजल्यावर कर्नेल आणि वरच्या मजल्यावर फर्मवेअर. नियमावलीत खालून वर यांची नावं यू, एस आणि एम. वरच्या मजल्यावर बहुतेक वेळा ओपनएसबीआय नावाचा मुक्त फर्मवेअर राहतो. कर्नेलला टायमर लावून हवा असेल, दुसरा कोअर (प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) जागा करायचा असेल, मशीन बंद करायचं असेल, तर तो वर हाक मारतो आणि ओपनएसबीआय काम करून देतो. म्हणजे ओपनएसबीआयचा कोड मेमरीत शाबूत राहणं ही कर्नेलचीच गरज आहे. तिथे कर्नेलने चुकून एखाद्या फोटोचा डेटा ओतला, तर पुढच्या टायमरच्या हाकेला वरून उत्तर येणार नाही, येईल ती नुसती राख.

म्हणून फर्मवेअर स्वतःभोवती कुंपण घालतो. या कुंपणाचं नाव पीएमपी, म्हणजे प्रत्यक्ष मेमरीचं संरक्षण. 'प्रत्यक्ष' हा शब्द इथे भरीचा नाही. ॲप्सना कर्नेल जे पत्ते देतो ते काल्पनिक असतात. पेज टेबल नावाच्या तक्त्यातून ते खऱ्या पत्त्यात बदलतात. तो तक्ता कर्नेलच्याच हातात आहे, त्यामुळे कर्नेल स्वतःला हवी ती परवानगी लिहून घेऊ शकतो. पीएमपीची तपासणी होते ती तक्ता वाचून खरा पत्ता निघाल्यावर. तुमच्या कागदावर काहीही लिहिलेलं असो, फाटकावरचा माणूस वेगळा आहे आणि त्याचा पगार दुसऱ्याकडून येतो.

हे कुंपण काही रजिस्टरांत, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या चिमुकल्या खणांत, लिहिलेलं असतं. एका नोंदीला एक पत्ता आणि एका बाइटची माहिती: वाचायची मुभा आहे का, लिहायची आहे का, तिथला कोड चालवायची आहे का, जागा कशी मोजायची आणि नोंदीला कुलूप आहे का. अशा नोंदी सोळा, आणि २०२१ च्या नियमावलीपासून चौसष्टपर्यंत असू शकतात. प्रत्यक्षात चिप बनवणारे हात आखडता घेतात. व्हिजनफाइव्ह २ या लोकप्रिय बोर्डावरच्या यू७४ कोअरला आठच नोंदी आहेत.

नोंदींचा क्रम फार महत्त्वाचा. पत्ता आला की कमी क्रमांकाच्या नोंदीपासून बघायला सुरुवात होते आणि पहिली जुळलेली नोंद निकाल देते. पुढच्या नोंदी कोणी विचारत नाही. म्हणून ओपनएसबीआय वरच्या ओळींत लिहितो 'या जागेत खालच्या मजल्यांना मज्जाव' आणि शेवटच्या ओळीत 'बाकी सगळीकडे सगळ्यांना मोकळं'. या ओळींची अदलाबदल झाली तर कुंपण असूनही नसल्यासारखं.

एकही ओळ जुळली नाही तर? फर्मवेअरला वाट मोकळी, कर्नेलला मनाई. हे मी पुस्तकातून नाही, एका रविवारची वाट लावून शिकलो. हौसेने स्वतःचा छोटा फर्मवेअर लिहिला होता. सगळं बरोबर, पण कर्नेलकडे उडी मारली की पहिल्याच सूचनेवर मशीन गप्प. कर्नेलची प्रत बिघडली असेल म्हणून तीनदा नव्याने बनवली. चूक एवढीच होती की 'बाकी सगळीकडे मोकळं' ही शेवटची ओळ मी लिहिलीच नव्हती. कर्नेलला घरात बोलावलं आणि दारातच अडवलं. त्या दिवशी दुपारच्या जेवणालाही उठलो नव्हतो. घरच्यांनी ते अजून ऐकवलं की माझ्याकडे उत्तर नसतं.

आणखी तीन गोष्टी भराभर सांगतो. कुंपण प्रत्येक कोअरचं वेगळं असतं. चार कोअर असतील तर तीच नोंद चार ठिकाणी लिहावी लागते. कुलूप लावलेली नोंद मशीन रीसेट होईपर्यंत निघत नाही, आणि ती मग फर्मवेअरलाही लागू होते. तिसरी गोष्ट अशी की तपासणीचा निकाल प्रोसेसर लक्षात ठेवू शकतो, म्हणून चालू मशीनमध्ये कुंपण हलवलं तर 'जुनं विसर' असा वेगळा हुकूम द्यावा लागतो. तो दिला नाही तर काही काळ जुनीच हद्द चालू राहते.

जागा मोजायची पद्धत मात्र थोडं थांबून बघण्यासारखी आहे. सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत कुंपणाचा आकार दोनाच्या पटीत दुप्पट होत गेलेला हवा, आणि सुरुवातही त्याच आकाराच्या पटीत हवी. म्हणजे फर्मवेअर ३०० केबीचा असला तरी कुंपण ५१२ केबीचं. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्याची १९७९ मध्ये जी हद्द आखली ती सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरची होती. पुढे ती सुमारे १,२०० वर आणली. मधली कित्येक वर्षं ज्यांनी आयुष्यात माळढोक पाहिला नाही अशा शेतकऱ्यांनाही जमिनीचे व्यवहार करताना अडचणी आल्या. राखायची गोष्ट छोटी आणि आखलेली हद्द मोठी असली की मधल्या जागेचं काय, हा प्रश्न चिपमध्येही तसाच उरतो.

इथवर कुंपण झालं. आता कागद.

आपल्याकडे जमीन घेताना माणूस दोन गोष्टी बघतो. जागेवर जाऊन बांध, दगड, तारा बघतो. आणि सातबारा काढून इतर हक्कात कुणाचं नाव, कसला बोजा आहे ते बघतो. दोन्ही जुळलं तर व्यवहार. एकच बघितलं तर काय होतं, ते होटगी रोडपासून अक्कलकोट रोडपर्यंत गुंठेवारीत अडकलेल्या कुणालाही विचारा.

कर्नेल हा असा खरेदीदार आहे ज्याला जागेवर जायची सोयच नाही. पीएमपीची रजिस्टरं वरच्या मजल्याची आहेत. मधल्या मजल्यावरून ती नुसती वाचायचा प्रयत्न केला तरी 'बेकायदा सूचना' म्हणून प्रोसेसर हटकतो. बरं, वरच्याला विचारावं, तर ओपनएसबीआयला हाक मारायच्या ज्या ठरलेल्या पद्धती आहेत त्यात 'तुझं कुंपण कुठून कुठवर आहे' असा प्रश्नच नाही. आणि तारेत वीज सोडलेली आहे. हात लावून बघू म्हटलं तर शॉक. कर्नेलच्या हातात उरतो फक्त उतारा.

हा उतारा मशीनप्रमाणे वेगळा असतो. जुन्या पीसीत त्याचं नाव ई-८२०. बायोसला हाक मारताना रजिस्टरात जो आकडा ठेवायचा त्यावरूनच हे नाव पडलं. लिनक्स सुरू होताना पहिल्या काही ओळींत ही यादी छापून येते: अमुक पत्त्यापासून तमुकपर्यंत वापरण्याजोगं, पुढचं राखीव, त्यापुढचं पुन्हा वापरण्याजोगं. नव्या मशीनमध्ये यूईएफआयची, म्हणजे बायोसची जागा घेतलेल्या नव्या पद्धतीच्या फर्मवेअरची, मेमरी यादी असते. आणि रिस्क-फाइव्ह, आर्मच्या बोर्डांवर डिव्हाइस ट्री. मशीनमध्ये काय काय आहे याचं झाडासारखं वर्णन असलेली ही एक फाईल. फर्मवेअर ती कर्नेलच्या हाती देतो. तिच्यात 'राखीव मेमरी' अशी एक फांदी असते. ओपनएसबीआय आपलं कुंपण घातल्यावर त्या फांदीवर स्वतःची नोंद टाकतो.

या नोंदीचे दोन प्रकार आहेत, आणि सगळं रामायण या दोनांतच आहे. पहिला प्रकार साधा राखीव: ही जागा कुणाला वाटू नको. दुसरा प्रकार 'नो-मॅप': ही जागा वाटू नकोच, शिवाय स्वतःच्या नकाशातही काढू नकोस, तिच्याकडे जाणारी वाटच ठेवू नकोस.

वाट म्हणजे काय? कर्नेल स्वतःच्या सोयीसाठी सगळ्या रॅमचा एक सलग नकाशा बनवून ठेवतो, म्हणजे कुठल्याही पानावर पटकन पोचता येतं. हा नकाशा चार केबीच्या तुकड्यांनी बनवता येतो, दोन एमबीच्या किंवा थेट एक जीबीच्या. तुकडा जितका मोठा तितक्या नोंदी कमी, आणि प्रोसेसरला पत्ते शोधायला लागणारा वेळही कमी. पण एक जीबीचा तुकडा सलग हवा, मध्ये भोक चालत नाही. समजा ओपनएसबीआयने रॅमच्या सुरुवातीचे ५१२ केबी नो-मॅप केले. मग पहिल्या जीबीसाठी एका नोंदीऐवजी दोन एमबीच्या ५११ नोंदी, आणि उरलेल्या दोन एमबीसाठी चार केबीच्या ३८४. एकाच्या जागी ८९५. अर्ध्या एमबीच्या मानापमानापायी एवढा खर्च.

म्हणून २०२० च्या सुमारास ओपनएसबीआयने, ०.८ आवृत्तीत, नो-मॅप काढून टाकलं आणि साधी राखीव नोंद ठेवली. विचार असा की संरक्षण तर पीएमपी करतोच आहे. तार आहे, वीज आहे. नकाशात वाट दिसली म्हणून कोण कशाला तिकडे जाईल? कर्नेलला एक जीबीचे तुकडे तरी वापरता येतील. मला हा युक्तिवाद आजही चुकीचा वाटत नाही. फक्त त्यात एक गोष्ट निसटली. ती नोंद संरक्षणासाठी नव्हतीच कधी. ती माहितीसाठी होती.

गंमत म्हणजे पुढची तीन वर्षं काहीच बिघडलं नाही, आणि त्याचं कारण निव्वळ योगायोग. बहुतेक बोर्डांवर ओपनएसबीआय रॅमच्या अगदी सुरुवातीला बसतो आणि कर्नेल दोन एमबी सोडून पुढे. क्यूईमू या आभासी मशीनमध्ये रॅम सुरू होते सोळा-आधारित पद्धतीतल्या ८००००००० या पत्त्यावर, आणि कर्नेल बसतो ८०२००००० वर. त्या काळातला लिनक्स आपला सलग नकाशा स्वतःच्या पायापासून सुरू करायचा, मागच्या दोन एमबीकडे बघायचाच नाही. म्हणजे नोंद कमकुवत झाली होती, तरी ज्याने ती वाचायची तो त्या बाजूला फिरकतच नव्हता.

मग आलं लिनक्स ६.४, सन २०२३. या आवृत्तीत रिस्क-फाइव्हसाठी दोन चांगल्या सुधारणा एकदमच आल्या. पहिली अशी की सलग नकाशा कर्नेलच्या पायापासून न धरता रॅमच्या सुरुवातीपासून धरायचा. ज्या एक जीबीच्या तुकड्यांसाठी ओपनएसबीआयने जागा करून दिली होती, ते आत्ता कुठे खरे वापरात येणार होते, कारण दोन एमबी पुढे सरकलेल्या पत्त्यावर एक जीबीचा तुकडा बसत नाही. आणि दुसरी सुधारणा हायबरनेशन.

हायबरनेशन म्हणजे काय हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. लाइट जायच्या आत मेमरीतलं सगळं डिस्कवर लिहायचं, मशीन पूर्ण बंद करायचं, आणि लाइट आल्यावर होतं तिथून पुढे. यातला 'सगळं' हा शब्द घातकी. कर्नेल एकेका पानाला विचारत जातो: तुला जपून ठेवायचं का? राखीव पान दिसलं म्हणून तो ते सोडून देत नाही, कारण राखीव पानांत त्याचा स्वतःचाही महत्त्वाचा माल असू शकतो. तो बघतो की हे राखीव पान माझ्या नकाशात आहे का. नसेल तर सोडतो. असेल तर उचलतो.

आता तिन्ही गोष्टी एका रेषेत ठेवा. फर्मवेअरने 'नकाशात काढू नको' हे शब्द पुसलेले. कर्नेलने नकाशा मागे वाढवून ती जागा आत घेतलेली. हायबरनेशनने नकाशातलं पान न पान वाचायला घेतलेलं. कर्नेल बेसावधपणे ओपनएसबीआयच्या पहिल्या पानाला हात लावतो, पीएमपी आपलं काम चोख करतो, आणि मशीन पॅनिक, म्हणजे कर्नेल हात टेकून जागीच थांबतो. कुंपण पक्कं होतं म्हणूनच तर अपघात झाला.

हे आम्ही घरी करून बघितलं. भाचा आणि त्याच्याबरोबर कॉलेजातली दोन पोरं, माझा जुना डेस्कटॉप, त्यावर क्यूईमू, आणि मुद्दाम शोधून काढलेली जुनी जोडी: तो ओपनएसबीआय आणि तो कर्नेल. हायबरनेटचा हुकूम दिला आणि पडद्यावर 'लोड ॲक्सेस फॉल्ट' ओळ आली. पोरांनी लगेच पेज टेबल तपासायला घेतलं. अर्धा तास गेल्यावर मी त्यांना थांबवलं.

कारण उत्तर त्या ओळीतच होतं. रिस्क-फाइव्हमध्ये प्रत्येक अडवणुकीला क्रमांक आहे. वाचताना पेज टेबलाने अडवलं तर १३, पीएमपीने अडवलं तर ५. लिहिताना १५ आणि ७. कोड चालवताना १२ आणि १. पहिल्या प्रकाराला पेज फॉल्ट म्हणतात, दुसऱ्याला ॲक्सेस फॉल्ट. १३ आला तर आपल्याच घरातला तक्ता चुकलाय, आत शोधा. ५ आला तर सहसा तक्ता बरोबर आहे, तुम्ही दुसऱ्याच्या हद्दीत शिरलाय. शोधायचं ते बाहेर, फर्मवेअरच्या नोंदीत. कुणी अडवलं हे आधी बघितलं असतं तर पोरांचा अर्धा तास वाचला असता. माझा रविवारही वाचला असता, कारण माझ्या पडद्यावर तेव्हा १ आला होता.

हद्द पडताळायची आमची पद्धत अगदी तलाठ्याच्या वळणाची. ओपनएसबीआय सुरू होताना स्वतःची मोठी पाटी छापतो. तिच्यात खाली एकेका प्रदेशाचे पत्ते आणि त्यापुढे फर्मवेअरला काय मुभा, कर्नेलला काय मुभा हे लिहिलेलं असतं. कर्नेलपुढचा कंस रिकामा असेल तर तिथे त्याला पूर्ण मज्जाव. हे झालं कुंपण. मग लिनक्स सुरू झाल्यावर डिव्हाइस ट्रीतली राखीव फांदी उघडायची आणि प्रोक फोल्डरातली आयओमेम ही फाईल वाचायची. ती रूटने, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याने, वाचावी लागते, साध्या वापरकर्त्याला सगळीकडे शून्यंच दिसतात. हा झाला उतारा. दोन्ही एका कागदावर शेजारी शेजारी लिहून पट्टी ठेवली की तफावत डोळ्यांना दिसते. नव्या ओपनएसबीआयमध्ये कोड आणि डेटा असे दोन वेगळे प्रदेश निघतात, तेव्हा एका ओळीच्या जागी दोन दिसल्या म्हणून घाबरू नये.

तर २०२३ मध्ये पुढे काय झालं? नकाशाची सुधारणा मागे घ्यायची हा एक पर्याय होता. त्याऐवजी कर्नेलवाल्यांनी हायबरनेशनवर 'सगळ्या मशीनवर चालेलच असं नाही' अशा अर्थाचा शिक्का मारला, म्हणजे सर्वसाधारण बांधणीत ते आपोआप बंद. ते त्याच आवृत्तीत नव्याने आलेलं असल्यामुळे कुणाचं चालतं काम अडलं नाही. ओपनएसबीआयने नो-मॅप परत आणलं. आणि कर्नेलच्या दस्तऐवजात एक नियम लेखी आला: फर्मवेअरची मुक्कामी मेमरी आणि पीएमपीने राखलेली मेमरी सलग नकाशात येता कामा नये, त्यामुळे फर्मवेअरने ती डिव्हाइस ट्री किंवा यूईएफआयच्या नियमाप्रमाणे नीट नोंदवलीच पाहिजे. मला विचाराल तर तिन्हींत मोलाचं काम हे तिसरं. तोवर हा करार दोन्ही बाजूंच्या डोक्यात होता, आणि प्रत्येकाच्या डोक्यात थोडा वेगळा.

एवढ्यावर सगळं मिटलं असं नाही. कर्नेल वरचेवर अपडेट होतो; फर्मवेअर बोर्डावरच्या छोट्या फ्लॅश चिपमध्ये असतो आणि तो बदलायला सहसा कुणी धजत नाही. म्हणजे नवा खरेदीदार आणि जुना उतारा अशा जोड्या अजून फिरत आहेत. शिवाय उतारा थेट हातात येत नाही. ओपनएसबीआय आणि कर्नेल यांच्यामध्ये बहुतेकदा यू-बूट नावाचा दलाल असतो. त्याने ओपनएसबीआयने दुरुस्त केलेलं झाड बाजूला ठेवून डिस्कवरचं दुसरंच झाड कर्नेलला दिलं, तर राखीव नोंद गायब. यासाठी यू-बूटमध्ये राखीव नोंदी जुन्या झाडावरून नव्या झाडावर उतरवून घेणारं खास फंक्शन लिहावं लागलं. फेरफार झाला की जुने बोजे नव्या उताऱ्यावर चढवायचे, तसंच.

आणि मागचं दार वेगळंच. पीएमपी अडवतो ते फक्त प्रोसेसरच्या कोअरला. नेटवर्क कार्ड, डिस्क कंट्रोलर ही मंडळी कोअरला न विचारता थेट मेमरीत लिहू शकतात, त्यांच्या वाटेवर हे कुंपण नसतंच. त्यांच्यासाठी आयओपीएमपी नावाची वेगळी यंत्रणा आहे. आर्मच्या जगात हे काम मेमरीच्या तोंडाशी बसवलेला टीझेडसी-४०० सारखा पहारेकरी करतो. तिथेही कुंपण एकाच्या ताब्यात आणि नोंद दुसऱ्याच्या हातात, हा पेच तसाच आहे.

हे सगळं ऐकून झाल्यावर भाच्याने स्वतःचा लॅपटॉप पुढे सरकवला. "माझ्या मशीनचा उतारा काढून दाखव." पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं आणि ई-८२० ची यादी उघडली. त्याने वहीत पत्ते उतरवून घेतले, वजाबाक्या केल्या. एक भलामोठा राखीव पट्टा जवळजवळ दोन जीबीचा निघाला, तो ग्राफिक्सचा. बाकी बारीकसारीक तुकडे. त्यातल्या एका ओळीवर त्याने पेन टेकवलं.

"आणि ही कुणाची?"

"फर्मवेअरचीच. मुक्कामी भाग असेल."

"आत काय आहे ते बघता येतं?"

"आपल्याला नाही."

"कर्नेलला?"

"त्यालाही नाही."

त्याने ती ओळ वहीत गोल करून ठेवली.